थांबायची ताकद

दसरा झाला की गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, ताडपत्री, खोपीला लागणारे बांबू, डालीखाली कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. तान्ही लेकरं आईच्या मांडीवर, जरा मोठी पोरं पोत्यांच्या खाचेत. गावात उरतात ती म्हातारी माणसं. गाडी कधी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कधी सोलापूरकडे, कधी थेट कर्नाटकात. परत येणं होळीनंतर, म्हणजे कारखान्याचा पट्टा पडेल, गाळप संपेल, तेव्हा.

ही माणसं मजुरीला निघालेली असली तरी तिथे गेल्यावर हातात मजुरी पडेल अशी अपेक्षा ठेवून निघालेली नसतात. मजुरी त्यांना आषाढ-श्रावणातच मिळालेली असते आणि खर्चूनही झालेली असते. पोरीचं लग्न, दवाखाना, बी-बियाणं, सावकाराचं जुनं देणं यात ती कधीच संपते. तिला उचल म्हणतात. आता सहा महिने राबून ती फेडायची.

औद्योगिकीकरणाच्या काळातला मालक-मजूर संघर्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. उंच चिमणी, पहाटेचा भोंगा, गेटावर लाल बावटा, कुलूप आणि पोलिस. परभणी जिल्ह्यात हे चित्र शोधायला गेलं तर हाती फार काही लागत नाही. इथे मुंबईसारखं गिरणगाव झालं नाही. शेजारच्या नांदेडला उस्मानशाही गिरणी होती, तशी मोठी कापडगिरणीही परभणीला मिळाली नाही. म्हणून ‘आमच्याकडे उद्योगच नाहीत, तर संप कसले’ असं इथले शिकलेले लोकही सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. संघर्ष इथेही आहे, पण तो गेटावर होत नसल्यामुळे नजरेत भरत नाही.

तो ओळखायचा असेल तर एक साधा प्रश्न हाताशी ठेवावा: दोघांपैकी जास्त दिवस कोण थांबू शकतो?

संप आणि टाळेबंदी या दोन्ही गोष्टी मुळात थांबण्याच्या आहेत. मजूर काम थांबवतो आणि मालक आधी वाकेल याची वाट पाहतो. मालक काम बंद करतो आणि मजूर आधी वाकेल याची वाट पाहतो. घोषणा, मोर्चे, वाटाघाटी त्याच्या भोवतीने चालतात. निकाल बराचसा ठरतो तो घरातल्या डब्यात किती दिवसांचं धान्य आहे, किराणा दुकानदार उधार देतो का, गोदामात किती माल पडून आहे, तो माल नासणारा आहे का, आणि अंगावर कर्ज किती आहे यावर. जगभरच्या कामगार चळवळींचा इतिहास या नजरेने पाहिला तर मालकांनी वेळोवेळी काढलेल्या अनेक युक्त्यांचा रोख एकच दिसतो, मजुराची थांबायची ताकद काढून घेणे.

इंग्लंडमध्ये कारखाने वाढले तेव्हा अनेक मालक पगार रोख देत नसत. त्याऐवजी कारखान्याच्याच दुकानातून महाग आणि निकृष्ट माल घ्यायला लावत. हे बंद करायला १८३१ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. तिथल्या मध्य भागातल्या कोळशाच्या खाणींत तर मालक मजुराला थेट ओळखतच नसे. खाणीचा एक भाग तो एका मधल्या माणसाला ठोक्याने देई, आणि तो मधला माणूस स्वतःची टोळी लावून कोळसा काढी. त्याला तिथे ‘बट्टी’ म्हणत. आपल्याकडचा एखादा ऊसतोड मजूर त्या काळातल्या स्टॅफर्डशायरला जाऊन उभा राहिला असता तर भाषा कळली नसती, पण हा बट्टी कोण हे त्याला सांगावं लागलं नसतं.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत परळ-लालबागचा नकाशा बदलला. रत्नागिरी, सातारा, पुणे भागातून आलेले लोक गिरण्यांत शिरले ते जॉबरच्या हातून. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. कामावर घेणारा तोच, काढणाराही तोच. त्याला दस्तुरी द्यावी लागे, नड पडली की पैसे त्याच्याकडूनच घ्यावे लागत, आणि बहुतेक वेळा खोलीही त्याच्याच ओळखीने मिळे. बायकांच्या खात्यात हेच काम नाईकीण करी. मालकाला याचा मोठा फायदा होता. हजारो माणसांची भरती, शिस्त आणि राग हे सगळं एका माणसाच्या अंगावर टाकून तो मोकळा राही.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे मांडायला एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, कामावर इजा झाल्यास बरं होईपर्यंत पगार, या मागण्या बहुतेकांना माहीत असतात. पाचवी मागणी मात्र सहसा कुणी आवर्जून सांगत नाही: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

ही मागणी नीट वाचली की गिरणीतली व्यवस्था उलगडते. मागच्या महिन्याचा पगार मालकाकडे अडकलेला असताना कामगार नोकरी सोडून गेला तर त्या पगारावर पाणी. संप केला तर तीच गत. म्हणजे गिरणीत पगार मागे ठेवून माणूस बांधलेला होता. रविवारची सुट्टी लोखंडे यांनी १८९० साली मिळवली. महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा भरली, त्यात गिरणीतल्या बायकाही बोलल्या, आणि १० जूनला मालकांच्या संघाने सुट्टी मान्य केली. वेळेवर पगाराचा कायदा मात्र १९३६ साली आला. या दोन तारखांमध्ये ४६ वर्षं आहेत. सुट्टी देणं मालकांना सोपं गेलं, पगार मागे ठेवायची सवय सोडणं अवघड गेलं, याचं मला नवल वाटत नाही.

परभणीत हेच बांधणं उलट्या दिशेने झालं. इथे पगार मागे ठेवला नाही, आधीच देऊन टाकला.

त्याची मुळं कारखान्यात नाहीत, शेतात आहेत. मराठवाड्यात सालगडी ठेवायची पद्धत जुनी आहे. पाडव्याला साल ठरतं, काही रक्कम आणि धान्य आगाऊ दिलं जातं, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो गडी त्या घरचा. साल संपताना हिशेबात काही अंगावर राहिलं तर तो आणखी एक साल तिथेच. निजामाच्या राज्यात हे सर्रास चालत होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आगाऊ रक्कम म्हणजे मालकाचा चांगुलपणा, अशीच समजूत होती. ती पुरती गेली आहे असं आजही म्हणवत नाही.

इथे पहिला कारखाना आला तो कापसाच्या मागे. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद अशी लहान रुळांची रेल्वे सुरू झाली आणि सेलू, मानवत, परभणी, पूर्णा ही गावं तिच्यामुळे मुंबईच्या बाजाराला जोडली गेली. गावरानी कापसाचा हा पट्टा. रेल्वेच्या जवळपास जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, मोंढे भरू लागले. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात. रेच्यापुढे, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रापुढे, कापूस सोडायचं काम बायकांचं. दिवसभर हवेत तंतू उडत असतात, ते नाकातोंडात, पदरात, तान्ह्या लेकराच्या केसांत जाऊन बसतात. काम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि उन्हाळा लागेपर्यंत संपतं.

‘हंगामी’ हा शब्द इथून पुढे महत्त्वाचा ठरतो. हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना लागू होता आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. त्याचा परिणाम काय झाला हे १८८४-८५ च्या आयोगापुढे खानदेशातल्या जिनिंगविषयी ज्या साक्षी झाल्या त्यांतून बाहेर आलं. हंगाम जोरात असताना तिथे बायका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत रेच्यापुढे बसत होत्या. हंगामी कारखान्यांना कायद्याच्या आत आणायला १९११ साल उजाडलं. तरीही १९३४ च्या कायद्याने दोन वर्ग ठेवलेच. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामी कारखान्यात ६०. हंगामी कारखान्यांच्या यादीत जिनिंग, कापसाचं प्रेसिंग, चहा, नीळ आणि साखर-गूळ होते. परभणी जिल्ह्यातले उद्योग कोणते, तर आधी यातलं पहिलं आणि नंतर यातलं शेवटचं.

अर्थात हा कायदा इंग्रजी मुलखाचा. परभणी निजामाच्या राज्यात होती आणि तिथला स्वतंत्र कारखाना कायदा १३३७ फसली साली, म्हणजे १९२७-२८ च्या सुमारास झाला. हंगामी आणि बारमाही हा भेद स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने काढून टाकला. प्रेसिंगमध्ये कापूस मोकळा करायचं यंत्र चालू असेल त्या भागात बायका आणि मुलांना कामाला लावू नये, असं कलमही त्या कायद्यात होतं. कागदावर ते होतं, एवढंच सांगून पुढे जातो.

जिनिंगमध्ये मोठे संप का झाले नाहीत याचं उत्तर त्या कामाच्या रचनेतच आहे. चार महिन्यांसाठी आलेली बाई संघटना बांधणार कधी? आणि मालकाला तरी घाई कुठे? कापूस महिनाभर गंजीत पडून राहिला तरी बिघडत नाही. आगीची आणि भाव पडण्याची भीती तेवढी. थांबायची ताकद जवळजवळ सगळी एका बाजूला होती.

याउलट मुंबईत १९२८ साली काय झालं ते पाहा. गिरण्यांनी एका विणकराला दोनाऐवजी तीन माग द्यायचं ठरवलं, माणसं कमी होणार आणि मजुरी घटणार हे स्पष्ट झालं, आणि एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला. जवळजवळ दीड लाख कामगार बाहेर होते. पाच महिन्यांहून जास्त काळ बिनपगारी राहणं कसं जमलं? मदतफंड होता, गिरणी कामगार युनियनने उभ्या केलेल्या गिरणी समित्या होत्या, वाण्याची उधारी होती. पण सगळ्यांत मोठा आधार होता गावाचा. हजारो लोक बोटीने आणि पायी कोकणात, घाटावर आपापल्या घरी गेले. गावाकडे भाताचं किंवा ज्वारीचं तुकडाभर रान होतं. पेरणीच्या दिवसांत संपकरी रानात होता. मालकांनी नाइलाजाने चौकशी समिती मान्य केली.

त्या एकीला भेगही होती. विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो उष्टा होई. विणखात्यात मजुरी सर्वांत चांगली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युनियनच्या पुढाऱ्यांना सांगितलं की, ही अडवणूक दूर करायची मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आमच्या माणसांनी संपात का राहावं? प्रश्न बिनतोड होता आणि मागणी यादीत गेली. एकमेकांच्या ताटाला न शिवणारी माणसं एकमेकांसाठी किती दिवस उपाशी राहतील, ही शंका त्या काळच्या चळवळीला सारखी टोचत राहिली.

मुंबईचा जॉबरही हळूहळू ढिला झाला. कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या भरतीवर कडक टीका केली. त्या आयोगावर कामगार पुढारी न. म. जोशी सदस्य होते. (मराठवाड्याला जवळचा असा एक दुवा इथे आहे. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या शाळेत येण्याआधी याच जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत काम करत होते. मुंबईचा तो धागा ते इकडे घेऊन आले, पण निजामाच्या राज्यात आधी सभा भरवायचा हक्कच मिळवायचा होता.) १९३५ पासून गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना पाळीने काम द्यायची पद्धत आली. कुणाला घ्यायचं हे जॉबरच्या मर्जीवर राहिलं नाही, निदान पूर्वीइतकं राहिलं नाही.

१९८२ चा संप या सगळ्याचं दुसरं टोक आहे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार बाहेर पडले. कामगार थांबला, खूप थांबला. गावाकडे गेला, मिळेल ते काम केलं, बायकोचं मंगळसूत्र विकलं. पण यावेळी मालकांनाही थांबणं परवडणारं होतं. गोदामांत कापड पडून होतं, बाजाराला भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग कापड पुरवत होते आणि गिरणीखालच्या जमिनीची किंमत गिरणीपेक्षा जास्त होऊ लागली होती. तो संप कुणी रीतसर मागे घेतला नाही.

आता परभणीचा ऊस. १९६५ साली पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झालं आणि डाव्या कालव्याचं पाणी पाथरी, मानवत भागापर्यंत आलं. ज्या रानात कापूस आणि ज्वारी होती तिथे ऊस उभा राहिला. नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेली सहकारी साखर कारखान्याची वाट मराठवाड्यातही आली, पुढे खासगी कारखानेही आले. पण पाणी सगळीकडे गेलं नाही. गंगाखेडच्या दक्षिणेचे बालाघाटाचे माळ आणि जिंतूरकडचे डोंगर कोरडेच राहिले. एकाच जिल्ह्यात एक तालुका ऊस लावतो आणि दुसरा तालुका ऊस तोडायला जातो, अशी विभागणी झाली.

तोडणीचा हिशेब कोयत्यावर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. मोळ्या अशा डोक्यावरून भरायच्या त्या ‘डोकी सेंटर’वर गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. आता बोटांवर मोजू. एका जोडप्याने दिवसाला दोन टन तोडले तर ७३२ रुपये, दोघांचे मिळून. अलीकडे जोडप्यामागे उचल लाखाच्या आसपास जाते. लाखाला ७३२ ने भागलं तर १३७ दिवस येतात. आणि अलीकडच्या एखाद्या हंगामात तीन महिन्यांतच पट्टा पडतो. राहिलेले दिवस अंगावर. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या गाडीत बसायचं, कारण मागचं फिटलेलं नाही. मधल्या काळात दुभत्या जनावरांसाठी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून जे चार पैसे मिळतात त्यावर तेलमीठ चालतं.

आजारी पडून बसलं तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. कारणं अनेक असतील, त्यात डॉक्टरांचा लोभही आला. पण एक दिवस बसून राहायची मुभा नसणं हे त्यातलं एक कारण आहेच. थांबायची ताकद नसणं म्हणजे संप करता न येणं एवढंच नव्हे, हे या आकड्यावरून कळतं.

मग मालक कोण? कारखान्याला विचारलं तर तो म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी पैसे मुकादमाला दिले. मुकादम म्हणतो, मी तर तुमच्यातलाच, काल-परवापर्यंत कोयताच चालवत होतो. यात खोटं कुणीच बोलत नाही. मुकादम बहुधा त्याच गावचा, त्याच भावकीतला असतो. तो टोळीच्या कमाईवर कमिशन घेतो. २०२४ च्या करारात ते २० टक्के झालं. पैसे घेऊन पळालेल्या टोळीमुळे कर्जबाजारी झालेले मुकादम आहेत, आणि मुकादमाने लाखो रुपयांना बुडवलेले ट्रॅक्टरवालेही आहेत. उचल फिटली नाही म्हणून मजुराला किंवा त्याच्या पोराला डांबून ठेवल्याच्या बातम्याही दर हंगामात येतात. वेठबिगारी संपवणारा कायदा १९७६ चा आहे. दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी १९७९ साली कायदा झाला, पण गंगाखेडहून कोल्हापूरला गेलेला माणूस राज्याची हद्द ओलांडत नाही. आणि कारखान्याचा कायदा कारखान्याच्या आवाराला लागू. उसाचा फड त्या आवारात येत नाही.

आणखी एक गाठ आहे आणि ती आपण शेतकऱ्यांच्या घरातले लोक टाळतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना पदरचा करत नाही, तो उसाच्या दरातून कापला जातो. म्हणजे ३६६ रुपये शेवटी देतो तो ऊस लावणारा शेतकरी. तोडणीचा दर वाढवा म्हटलं की उसाचा भाव कमी मिळेल ही भीती त्यालाच वाटते. पाथरीचा दहा एकरवाला आणि पालमचा दोन एकरवाला, दोघेही स्वतःला शेतकरीच म्हणवतात, आणि एकमेकांसमोर उभे केले जातात. साखर विकणारा तिसरा या वादात बाजूला उभा राहतो.

इतकं असूनही ऊसतोड मजुरांचे संप झालेत आणि काही यशस्वीही झालेत. गोपीनाथ मुंडे आणि बबनराव ढाकणे यांची नावं त्यासाठी घेतली जातात. मुंडे यांच्या २०१४ मधील निधनानंतर तोडणीचा दर ठरवणाऱ्या लवादात शरद पवार यांच्यासोबत पंकजा मुंडे बसू लागल्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये १४ टक्के वाढ झाली, २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के. ज्यांच्याकडे थांबायची ताकद नाही असं मी इतका वेळ सांगतोय, त्यांना हे कसं जमलं? कारण ऊस कापसासारखा नाही. फडात उभा राहिला तर वेळ गेल्यावर तुरा येतो, वजन आणि उतारा घटतो. तोडलेला तर चोवीस तासांत गाळपाला गेलेला बरा. गाळप सुरू व्हायच्या तोंडावर टोळ्या निघाल्या नाहीत तर कारखान्याचा बॉयलर थंड राहतो आणि शेतकरी अस्वस्थ होतो. वर्षातले हे दहा-पंधरा दिवस असे असतात की घाई समोरच्याला असते. संघटना बहुधा तोच मुहूर्त धरतात. पण ही ताकद त्या पंधरा दिवसांपुरतीच असते. उचल खाऊन बसलेली टोळी त्याहून जास्त दिवस गावात बसू शकत नाही.

आता हार्वेस्टर येतायत. एक यंत्र दिवसाला शंभर टनांच्या पुढे जातं. यंत्राला टनामागे माणसापेक्षा जास्त दर देता, मग आम्हाला का नाही, हा संघटनांचा सवाल होता आणि त्याला कुणाकडेही धड उत्तर नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले विणकर यंत्रं फोडत होते, इकडे कुणी हार्वेस्टर फोडलेला मी ऐकला नाही. ऊस तोडायचं काम गेलं तर बरंच, दुसरं काही मिळालं पाहिजे, असंच तोडणारे म्हणतात.

उपाय महाराष्ट्राला ठाऊक नाही असं नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुराची नोंद मंडळाकडे, मालकाने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने ती मजुराला द्यायची. मधल्या माणसाच्या हातातला पैसा काढून घेतला की त्याची सत्ता जाते, हे त्या कायद्याने करून दाखवलं. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७९ पासून कायद्याने लागू झालेली रोजगार हमी योजना हाही दुसऱ्या अंगाने तोच उपाय होता. आषाढात गावात काम मिळालं तर उचल घ्यावी लागत नाही, आणि उचल नसेल तर दसऱ्याला दर विचारूनच गाडीत बसता येतं. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झालं आहे. कारखान्यांनी टनाला दहा रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे, अशी त्याची योजना आहे. पण कल्याणाचं महामंडळ म्हणजे मजुरी वाटणारं मंडळ नव्हे. उचल अजून मुकादमाच्याच हातून जाते.

आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत कारखान्याचा शेअर आहे. पुढच्या वार्षिक सभेचा अहवाल हातात पडला की फोटो आणि लाभांशाची पानं उलटून ‘ऊस तोडणी व वाहतूक’ ही खर्चाची ओळ शोधा. त्यातले किती रुपये फडात पोहोचले आणि ते कुणाच्या हातून गेले, एवढा प्रश्न उभं राहून विचारा.